मारोतीच्या खांद्यावरचा हात

हे मी कुनालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला बी न्हाई — त्याला ठावं असंल, पर माझ्या तोंडून न्हाई. तुमी समोर बसलात म्हून जीभ उचलतो. मधीच "जाऊ द्या" म्हनू नका, बाबा. जायचं असतं तर कवाच गेलं असतं.

काल गावातली चार मानसं आली व्हती. निजामाचं राज गेलं, आता तालीम पुन्हा उघडायची म्हनतेत. लेझीम, हलगी, दांडपट्टा, सगळं जुनं उभं करायचं. अन् शिस्त लावायला वस्ताद कोन? तर मी! "तुमच्यावानी जबाबदार मानूस न्हाई," म्हनले. हसावं का रडावं, तुमीच सांगा. मी चहा पाजून वाटंला लावलं.

कुरुंद्याच्या बाजूचं आमचं गाव. दसऱ्याला तालमीफुडं पट्ट्याचा खेळ व्हायचा. खेळनाऱ्याचे डोळे बांधायचे. समोर एकानं पाटावर तळहात पसरायचा, त्यावर लिंबू ठिवायचं, अन् पट्ट्याच्या लांब पात्यानं लिंबाच्या दोन फोडी करायच्या, कातडीला ओरखडा न येता. वाहवा खेळनाऱ्याची व्हायची. पर खरा भार तिसऱ्यावर! डोळे बांधनारा मागं उभा राहायचा, खेळनाऱ्याच्या खांद्यावर हात ठिवून. लिंबू बराबर बसलं, समोरचा हात हलत न्हाई, हे आपल्या डोळ्यानं बघायचं, मंगच त्याच्या कानाशी लागून "व्हय" म्हनायचं. हलगीच्या आवाजात ते दुसऱ्या कुनाला ऐकू येत नसे. अन् त्या दिशी शिंदीच्या थेंबाला शिवायचं न्हाई, हा तालमीचा नेम व्हता.

पट्टा मारोतीचा. माझा लंगोटीयार. हात पसरायचा त्याचा धाकटा भाऊ ग्यानबा. मेंढरं व्हती त्यांची. ग्यानबा लोकर कातरायला बसला की एका बी मेंढराला कातरीचं टोक लागत नसे. अन् खांद्यावरचा हात माझा.

त्या दिशी मी शिंदी पिऊन आलो व्हतो. लई न्हाई — बघा, अजून "लई न्हाई" म्हनतो! प्यालो व्हतो. पाहुन्यांच्या नादानं, सकाळीच. वास लपावा म्हून लवंगा चघळल्या.

हलगी तापली. मी लिंबाकडं बघायचं सोडून कुठं बघून राहिलो व्हतो? पाटलाच्या ओट्यावर. तिथली मोठी मानसं माझ्याकडं बघतेत का म्हून! अन् तसंच न बघता "व्हय" म्हनलो. तवाच लिंबू घरंगळलं. ते धरायला ग्यानबानं बोटं मिटली.

अंगठा अन् दोन बोटं. मुठीमुठीनं हळद दाबली — आमच्याकडं हळदीला काय तोटा? पर बोटं परत येतेत व्हय?

तालमीच्या तवाच्या वस्तादानं इचारलं, "व्हय कोन म्हनलं?" मारोतीनं डोळ्यावरची पट्टी वर सारली अन् माझ्याकडं बघितलं. मी मारुतीरायाच्या पायरीला हात लावून म्हनलो, "मी म्हनलोच न्हाई. यानं आपल्या मनानं घाव घातला."

मला वाटलं, गचांडी धरंल. तो नुसता म्हनला, "मला तर ऐकू आल्यावानी झालं..." दोस्त खोटं बोलंल, हे त्याच्या डोक्यातच शिरंना. मला खोटं म्हनायच्या आधी त्यानं सवताच्या कानाला खोटं ठरवलं. कसला मानूस म्हनायचा हा? अन् मी कसला?

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हनतेत, तसं झालं. भावाचा हात तोडनारा म्हून गाव त्याला ओळखायला लागलं. तालमीला कुलूप लागलं. ग्यानबानं चूल वेगळी मांडली. पर दरसाल मारोती जाऊन भावाची मेंढरं कातरून द्यायचा. ग्यानबा त्याच्याकडं पाठ करून बसायचा. मी हे बघायचो. बघून मारोतीच्याच घरी भाकर खायचो. गोड लागायची का? लागायची, खोटं काहून बोलू?

गेल्या पौषात मारोती गेला. आदल्या दिशी दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं. हाडं तेवढी राहिली व्हती. ग्यानबा उंबऱ्यात बसलेला, आमच्याकडं पाठ करूनच, पर कान इकडं.

मारोती म्हनला, "एक इचारू? त्या दिशी मला लवंगेचा वास आला व्हता. ह्या कानापाशी. तू व्हतास ना रे?"

एवढंच पायजे व्हतं त्याला. पट्टा नको, तालीम नको. भावानं एकडाव ऐकावं, बस. अन् या वक्ताला मी शुद्धीत व्हतो, बरं का. कोनी हलगी वाजवत नव्हतं. ज्याची धास्ती घ्यावी असा वस्ताद बी जित्ता नव्हता.

मी म्हनलो, "भास झाला असंल, मारोती. पड तू."

त्यानं "बरं" म्हनलं अन् भिंतीकडं तोंड केलं. ग्यानबा उठला अन् मेंढरांकडं निघून गेला.