शेजारच्या वायफायचं नाव

कर्जतला गावाबाहेर एका भिंतीची बैठी घरं आहेत, त्यातलं एक आमचं. नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीनं जातो, मी एका दवाखान्यात सकाळी नोंदणीच्या टेबलावर बसते. भिंतीपलीकडे काकू राहतात. मूळच्या कडावकडच्या. त्यांचा मुलगा घरूनच काम करतो, आतल्या खोलीत दार लावून दिवसभर मीटिंगा चालू असतात. मुलगी मस्कतला.

दुपारी मी घरी आले की काकू हाक मारायच्या, "ये गं, पोरीला फोन लावून दे." व्हिडिओ कॉल त्यांना जमायचा नाही. कुठेतरी भलतंच बटण दाबायचं आणि स्वतःचाच चेहरा दिसला की दचकायच्या. मुलाला सांगायला नको वाटायचं, तो कामात असतो म्हणून. एकदा त्यांच्या फोनची बॅटरी संपली, तेव्हा मी माझ्या फोनवरून कॉल लावला. आमच्या बाजूला रेंज नाही, चित्र सारखं अडकत होतं. काकू म्हणाल्या, "आमचं वायफाय घाल की तुझ्यात. पासवर्ड म्हंजे काय, पोराचा मोबाईल नंबरच हाय." आणि त्यांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला.

मी घातला. त्या एका फोनापुरता तो होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण संध्याकाळी नवरा म्हणाला, मलाही दे. मग सासूबाईंच्या फोनात गेला. मग दिवाळीत टीव्ही घेतला, त्यातही गेला. रोज जेवताना मालिका, नंतर पिक्चर. खिशाला काही लागत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. मला मात्र काकूंच्या मुलाशी फाटकात बोलताना नजर जरा खाली ठेवायची सवय लागली.

एका रविवारी टीव्हीवर नेट लागेना. त्याच दिवशी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आली होती. नंदावा आमचे गमतीदार. फोन काढून म्हणाले, "वहिनी, तुमचं वायफाय कुठलं? सगळ्यात जोरात हे दिसतंय." आणि मोठ्यानं वाचलं, "फुकटे चोर."

सगळे हसले. नवराही हसला. "शेजारचं हाय ते, येडं हाय जरा."

मी आमटी वाढत होते. कान तापले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ती दोन शब्दांची पाटी आमच्या घरातल्या प्रत्येक फोनात उमटली होती, आणि आमच्या घराला उद्देशूनच होती. सासूबाई आत होत्या, हसू ऐकून बाहेर आल्या; त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्या विचारत राहिल्या, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "काही नाही, कुणाचं तरी नाव." पाहुणे जाईपर्यंत मी कुणाच्या ताटाकडेही नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी हाक मारली. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाण्याचं कारण काय सांगणार? गेले. त्यांच्या फोनातलं वायफायही तुटलं होतं. मुलानं पासवर्ड बदलला, आईच्या फोनात नवा घालायचा राहून गेला. "काल सकाळधरनं पोरगी दिसली नाय," काकू म्हणाल्या, आणि फोन माझ्यापुढे धरला. "ह्यात आमचं नाव कंचं?"

पडद्यावर तीच पाटी सगळ्यात वर. त्यांचं घर आणि तसलं नाव. मी बोट ठेवलं. "हे."

"काय लिवलंय?"

तेवढ्यात आतलं दार उघडून मुलगा पाणी प्यायला बाहेर आला. माझ्या हातातला फोन बघितला, मग मला बघितलं. त्याचा चेहरा कठीण झाला. काकू त्याला म्हणाल्या, "अरे, हिला नवा पासवर्ड सांग. मागला मीच दिला होता तिला. ती नसती तर तुझी बहीण मला दिसली असती का?"

त्याचा ग्लास हातात तसाच. मला वाटलं, इथंच थांबावं, काकूंच्या बोलण्याच्या आडोशाला उभं राहावं, वाचले मी. पण मग पुढे काकूंच्या तोंडाकडे कसं बघणार? मी म्हटलं, "दादा, काकूंनी एका फोनापुरता दिला होता. आम्ही घरातले सगळे फोन जोडले. टीव्हीपण."

"मला दिसत होतं," तो म्हणाला. "राऊटरच्या सेटिंगमध्ये जोडलेलं सगळं दिसतं. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा, साहेब बोलायचे. ओळखीचं एकही नाव नव्हतं त्यात, मला वाटलं... रागात टाकलं ते नाव." जरा थांबून म्हणाला, "विचारायला यायला हवं होतं मी."

काकू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "कसलं नाव? काय झालं?" तो लॅपटॉप घेऊन तिथंच खाली बसला, सेटिंगचं पान उघडलं आणि ते नाव पुसलं. "काय ठेवू गं आई?" "आपलं आडनाव ठेव की, आदी होतं तसं." त्यानं ते टाकलं. पासवर्ड लांबलचक केला, अक्षरं आणि आकडे मिसळून, आणि आईच्या फोनात घातला. मग मला म्हणाला, "ताई, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं, आमच्या कामात न येणारं. तुम्हाला देऊ?"

त्यानं मनापासून विचारलं होतं. मी "नको" म्हटलं, आणि ते फार घाईनं म्हटलं. आम्ही आता आमचं घेणारच आहोत, असंही म्हटलं. घरात तसा विषय कधी निघालेला नव्हता.

नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, मग नेटच्या लाईनची चौकशी करायला निघाला. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे स्वतःची लाईन आली. पासवर्ड मी टाकला, आणि सासूबाईंना बजावलं, कुणाला द्यायचा असेल तर मला आधी विचारा. बोलून झाल्यावर माझाच आवाज मला आवडला नाही.

काकूंकडे दुपारी अजून जाते. फोन लागतो, मुलगी दिसते, काकू नातवाला हात हलवून दाखवतात. मुलगा बाहेर आला की म्हणतो, "बसा ना ताई." मी बसते. तो पाणी पितो आणि आत जातो, दार हळूच ओढून घेतो. घरी माझ्या फोनच्या वायफायच्या यादीत आता त्यांचं आडनाव दिसतं, आमच्या नावाच्या खाली. तिथं बोट चुकूनही जाऊ नये म्हणून मी फोन जरा जपूनच धरते.