तिसरं कपाट, दुसरा कप्पा

कार्डांची ती सागवानी पेटी गोंदियाच्या आमच्या वाचनालयात मीच आणली. हे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. नागपूरला ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन मी नुकताच परतलो होतो आणि तेवढ्याशा विद्येनं माझे पाय जमिनीवर राहिले नव्हते. प्रत्येक पुस्तकाला आकडा, प्रत्येक आकड्याचं टाइप केलेलं कार्ड. कुणीही यावं, पेटी उघडावी, पुस्तक सापडावं. यात कुणाचं वाईट होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

वाचनालय तोवर गुरुजींचं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेच ग्रंथपाल आणि मी त्यांच्या हाताखाली. यादीची वही वाळवीनं अर्धी खाल्लेली, खरी यादी त्यांच्या डोक्यात. वाचकानं नाव घेतलं की ते बोलता बोलता उठत, हात कपाटात जाई आणि पुस्तक बाहेर येई. तिकडे बघतसुद्धा नसत. सगळी पुस्तकं सारख्याच बदामी कागदात बांधलेली, तरी चूक म्हणून नाही. मला याचा हेवाही वाटे आणि रागही येई. सकाळी पेपर आला की तो माझ्यापुढे सरकवत. "वाच बाबू, तुझा आवाज मस्त आहे." मी समजायचो, म्हातारा आळशी झाला. केवढी ती माझी अक्कल!

महाशिवरात्रीला गुरुजी घरच्यांबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेला गेले. ते येईपर्यंत मी सगळी कपाटं रिकामी केली, आकडे चिकटवले आणि पुस्तकं नव्या क्रमानं लावली. त्यांना चकित करायचं होतं. पाठीचा काटा ढिला झाला, तरी मी शीळ घालत होतो.

गुरुजी आले. मी हौसेनं सगळं सांगितलं. ते उठून कपाटापाशी गेले, पुस्तकांवरून बोटं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि येऊन खुर्चीत बसले.

"बरं केलं," एवढंच म्हणाले.

बाजाराच्या दिवशी कामठ्याचा एक शेतकरी आला. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, घरी सून वाचून दाखवायची. बैलाच्या खुरांना जखमा झाल्या होत्या, त्याला गुरांच्या रोगांचं पुस्तक हवं होतं. मी खिडकीशी टाइप करत होतो. गुरुजी उठले. तिसरं कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून सातवं. पुस्तक त्यांनी हातात क्षणभर तोलून पाहिलं. मागे चार माणसं ताटकळत होती. त्यांनी ते देऊन टाकलं.

पुढच्या बाजाराला शेतकरी पुस्तक घेऊन परत आला.

"गुरुजी, हे काऊन देल्लं मले? सून म्हनते हे त नाटक होय! आता बैलाले नाटक दाखवू का?"

सगळे हसले. मीही हसलो. आमचे सेक्रेटरी, एका राइस मिलचे मालक, तिथंच बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी समोरचा पेपर उचलून गुरुजींच्या हातात दिला. "गुरुजी, ज़रा ये पढ़िए."

गुरुजींनी पेपर डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ धरला. पेपर उलटा होता.

"अब आप आराम कीजिए," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. "दोन वर्सं झाली बाबू," ते म्हणाले. "काचबिंदू. मोठ्या डॉक्टरनं हात टेकले."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त ठेवलं असतं का मले?"

मला रडू फुटलं. सगळी पुस्तकं तुमच्या क्रमानं परत लावतो, तुम्ही फक्त सांगा आणि कामावर या, सेक्रेटरींना मी समजावतो, असं मी बोलून गेलो. त्यांचा चेहरा असा खुलला की बघवेना. दुपारभर ते कपाटं सांगत राहिले आणि मी कोऱ्या कार्डांवर लिहीत राहिलो. एकदाही अडखळले नाहीत.

पण सेक्रेटरींना माझी पेटी पसंत पडली होती, तपासनीस येणार होते, आणि गुरुजींच्या खुर्चीवर आता मला बसवलं होतं. आज करू, उद्या करू, असं चाललं. भेटले की ते विचारत, "लावून राहिला ना?" एकदा वैतागून मी म्हटलं, "लावलं सगळं."

आठवड्यानं ते काठी टेकत एकटेच आले. कुणाला न विचारता तिसऱ्या कपाटापाशी गेले, दुसऱ्या कप्प्यात डावीकडून मोजलं आणि सातवं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"नाव वाच बाबू."

मी गुरांच्या रोगांच्या पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचलं. हातात शेतकऱ्यानं परत आणलेलं तेच नाटक होतं. निदान ते एक पुस्तक तिथं आणून ठेवायला मला काय धाड भरली होती?

त्यांनी हात पुढे केला, पुस्तक परत घेतलं आणि क्षणभर तोलून पाहिलं. मग चाचपडत ते होतं तिथं नीट लावून ठेवलं.

"बरं केलं," म्हणाले आणि काठी घेऊन निघाले. पुन्हा कधी वाचनालयात आले नाहीत.