व्हिएतनाममध्येही स्कार्फ सोडला नाही

गोंदिया-कुडव्याच्या बायांनो, आज व्हिएतनाममध्ये समुद्राच्या कडेकडेनं दिवसभर स्कूटी चालवली. उन्हाळ्यात घरून निघते तशीच निघाले. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये, वरून हेल्मेट, हातात लांब मोजे.

मागं नवरा, बनियनवर. म्हणे, "इथं तरी सोड ना वं तो स्कार्फ. फोटोत गोंदियाच दिसून राहिलं."

मी म्हटलं, "काऊन सोडू? गोंदियाचीच आहे मी."

पुढं सिग्नल लागला. बाजूच्या स्कूट्यांवर तिथल्याच बाया, सगळ्या माझ्यासारख्या झाकलेल्या. एकीनं माझ्याकडं पाहिलं. मोजा आणि बाही यांच्या मधे माझा हात उघडा पडला होता. तिनं गाडीवरूनच वाकून माझी बाही खाली ओढून दिली. मग दोघी डोळ्यांनीच हसलो.

संध्याकाळी हॉटेलात नवऱ्याचं नाक आणि खांदे लालभडक. हळूच विचारतो, "आणखी एक स्कार्फ आणला का?"

आणला आहे. उद्या देईन. आधी हा फोटो टाकते. "चेहरा दिसत नाही" अशी कमेंट कोणी करू नका. गाडी चालवून राहिली ती मी. चेहराच पाहायचा असेल तर मागच्याचा पाहा.