गुलाबी राहिलेलं पाणी

"घ्या, तुमीच पिऊन बघा," म्हणत कादरभाईंनी सोड्याची बाटली मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. राहुरीला त्यांचा सोडावॉटरचा धंदा होता आणि गॅसचे सिलिंडर ते आमच्याकडून नेत. साहेबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघितलं. सोड्याला दारूचा वास येत होता.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत केमिस्ट होतो. साखर कारखान्यातली मळी आंबवली की अल्कोहोल होतं आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. चिमणीतून सुटणारा हाच वायू धरून ठेवायच्या मोठमोठ्या योजना हल्ली ऐकू येतात. आम्ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो धरत होतो, पण हवेच्या काळजीपोटी नव्हे, विकला जायचा म्हणून. टाकीला झाकण, झाकणाला पाइप. गॅस आधी साध्या पाण्यातून धुवायचा, मग टॉवरमधल्या परमँगनेटच्या पाण्यातून. विहिरीत टाकतात तेच हे औषध. गॅसमधला वास ते खाऊन टाकतं आणि गुलाबी पाणी तपकिरी होतं. तसं झालं की पाणी बदलायचं. हे काम ऑपरेटर रंगनाथरावांचं.

कादरभाई गेल्यावर साहेब म्हणाले, "दुष्काळानं गावोगावच्या विहिरी नासल्यात. तुमचा रंगनाथ परमँगनेटची पावडर घरी नेत असणार. आज खात्री करा, उद्या त्याला काढून टाकतो."

मला ते लगेच पटलं. माझा स्वभावच संशयी. रंगनाथराव पुणतांब्याहून सायकलवर येत आणि हँडलला कायम एक पिशवी असे. ती मला आधीपासूनच खुपत होती. मी सरळ जाऊन ती उघडली. आत भाकरी आणि कांदा.

"काय हुडकताय साहेब?" मागून रंगनाथरावांचा आवाज आला.

"पंधरा दिवसांत पाणी किती वेळा बदललं?"

"एकदाबी न्हाई."

"मग स्टोअरमधून आणलेली पावडर कुठंय?"

त्यांनी कपाट उघडलं. सगळी पाकिटं न फोडलेली. "पानी खराबच हुईना, तर बदलू कशाला? लई झ्याक गुलाबी हाय, बघा की."

मी ओशाळलो, पण संशय काही जाईना. वासाचा गॅस जातोय आणि पाणी गुलाबीच कसं? टॉवरच्या काचेला डोळा लावला. आत एक बुडबुडा नाही. पाइप धरून मागे गेलो. बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे टॉवर चुकवून गॅस पुढे न्यायची आडवाट, सताड उघडा.

"हा कुणी उघडला?"

"तुमीच की साहेब, टावर धुतला त्या दिवशी. मला वाटलं, साहेबांनी उघडा ठेवलाय म्हंजे कायतरी असंल."

लॉगबुक काढलं. रोज एकच ओळ: 'पाणी गुलाबी. बदलले नाही.' खाली सही. रोजची, माझी.

व्हॉल्व्ह बंद करून गप्प बसावं, असं मनात आलं. कुणाला कळलं नसतं, आणि रंगनाथरावांची नोकरी गेली असती. मला माझीच लाज वाटली. लॉगबुक घेऊन साहेबांकडे गेलो. मला मेमो मिळाला. शिवाय नवे सिलिंडर घेऊन राहुरीला जायचं आणि कादरभाईंसमोर सोडा पिऊन दाखवायचा, असा हुकूम झाला.

तेव्हापासून वाचल्याशिवाय मी कशावर सही केली नाही. रंगनाथराव मात्र दुसऱ्या दिवसापासून कामावर येताच पिशवी माझ्यापुढे उघडून धरू लागले. "बघून घ्या साहेब." नको म्हटलं तरी ऐकेनात. ते रिटायर होईपर्यंत मी रोज त्यांची भाकरी बघत होतो.