आईसाठी राखलेली गोळी

माझ्या आजारानंतर नर्स साल्मेला रोजची सवय जडली. औषध दिलं की ती प्रत्येक मुलाला जीभ बाहेर काढायला लावायची.

१९६० साली तार्तू शहरातल्या आमच्या बालवाडीत पोलिओच्या नव्या लसीची चाचणी झाली, तेव्हा तिनं नुसतं विचारलं होतं, "गिळलीस ना गं, चिमणे?"

"केव्हाच! तुम्हीच गोळ्या हळू वाटताय."

लसीची ती गोड गोळी माझ्या खिशात होती, आईसाठी. त्याच उन्हाळ्यात माझा पाय लुळा पडला.

आपण तोंड तपासलं नाही, म्हणून साल्मे चाळीस वर्षं स्वतःला दोष देत राहिली. मी खोटं बोलले होते, हे सांगायला तिच्या शेवटच्या हिवाळ्यात गेले, कॉफी प्यायले आणि न सांगताच उठले.

दारातून ती म्हणाली, "जिन्यावर बर्फ आहे. कठडा धरून उतर."