मी एकच झेंडा हलवला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझे मिस्टर शेवटचे अठरा दिवस हॉस्पिटलात होते. मी कॉटशेजारी बसून त्यांना काय काय सांगितलं — त्यांच्या बहिणीची पैठणी माझ्याच इस्त्रीनं जळली होती, हेसुद्धा. हे मात्र नाही. आता तुम्हाला सांगते आहे तर ऐका. पण ऐकून झाल्यावर «असू दे हो, चालायचंच» म्हणायचं असेल, तर आत्ताच उठा. मला ते नको आहे. आणि «खेळच तर होता» हेही नको.

खेळ म्हणजे फुटी — ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मिस्टरांच्या नोकरीपायी आम्ही नऊ वर्षं मेलबर्नला काढली, तिथे मला त्याचं वेड लागलं. पपईसारखा लांबट चेंडू. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं थेट पार केला की गोल, सहा गुण. पण जाता जाता समोरच्या टीममधल्या कुणाचं नुसतं बोट जरी लागलं, तरी एकच गुण. हे ठरवतो खांबांपाशी उभा असलेला गोल अंपायर. गोल असेल तर दोन झेंडे हलवायचे, नसेल तर एक. एवढं कळलं तरी पुष्कळ. आमच्या सबनीसांना याहूनही कमी कळतं, आणि तरी ते तासभर बोलू शकतात.

सबनीस म्हणजे आमचे इथले, अमेरिकेत टेक्सासमधल्या शुगर लँडचे शेजारी, तेलकंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. आम्ही दोघं म्हातारपणी मुलाकडे, निखिलकडे, राहायला आलो तेव्हापासूनची ओळख. निखिलची बायको ऋता — नागपूरची, शिकलेली आर्किटेक्ट. पण तेव्हा तिचा व्हिसा असा होता की नोकरी करता येत नव्हती. दिवसभर घरात. पार्टीला गेलं की «ही निखिलची वाइफ», एवढीच ओळख. इथल्या ऑस्ट्रेलियन लोकांचा एक हौशी फुटी क्लब आहे, त्यांच्या महिला टीमला मुली कमी पडत होत्या. मीच तिला घेऊन गेले. मीच, हं. पहिल्या दिवशी चेंडू तिच्या नाकावर बसला आणि ती हसायला लागली. तीन वर्षांत ती टीमची गोल मारणारी मुख्य खेळाडू झाली. त्या मैदानावर तिला कुणी निखिलची वाइफ म्हणत नव्हतं.

हौशी क्लबला अंपायर कुठून मिळणार? प्रत्येक टीमनं आपला एक माणूस द्यायचा. आमच्याकडून मी. पांढरा कोट, हातात दोन झेंडे, टेक्सासचं ऊन — आणि मी खूश. का खूश, तेही सांगते. लहानपणी सांगलीला कॉलनीतले मुलगे क्रिकेट खेळायचे. मला बॅटिंग द्यायचे नाहीत, अंपायर करायचे. मी एकदा सख्ख्या भावाला पहिल्याच बॉलवर आउट दिलं आणि कॉलनीभर नाव झालं — ही घरच्यालाही सोडत नाही. तो आउट होता का? होता, शंकाच नाही. पण मला न्यायापेक्षा ते नाव आवडलं. ते मी आयुष्यभर जपलं. शाळेत शिकवत होते तेव्हा स्वतःच्या मुलाला नेहमी दोन मार्क कमी दिले. लोक म्हणायचे, बाई कडक पण सचोटीच्या. दोन मार्क कमी देणं ही कसली सचोटी? पण हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

तर ती मॅच. सहा वर्षं झाली. डॅलसची टीम आली होती, शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही चार गुणांनी मागे. ऋतानं दोघींच्या मधून चेंडू उचलला, वळली आणि मारला. त्यांची एक उंच मुलगी हात उंचावून झेपावली आणि ओरडायला लागली, «टच्ड! टच्ड!» मैदानावरचा अंपायर लांब होता, त्याच्यासमोर गर्दी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टच्ड. आणि एक झेंडा हलवला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

मग मॅच पाहायला आलेल्या आमच्या मराठी मंडळींनी पार्किंग लॉटमध्ये पोस्टमॉर्टेम सुरू केलं. आपल्या लोकांना जिंकल्यापेक्षा हरल्यावर जास्त उत्साह येतो, हे माझं जुनं मत आहे. कूलरमधले थम्सअपचे कॅन फुटले, आणि ज्यांना शंभर पावलं पळवत नाही ते खेळाडूंचा हिशेब करू लागले. सबनीस म्हणाले, «काकू, सॉरी टु से, पण तुमची सून प्रेशरमध्ये चोक झाली.» कुणी म्हणालं, पास द्यायला हवा होता. निखिलसुद्धा म्हणाला, «तू टू स्लो होतीस यार, ती मुलगी आरामात पोचली.» आणि मग सगळे माझ्याकडे वळले. «काकूंनी मात्र कमाल केली. सून असून एकच पॉइंट दिला!» डॅलसच्या कोच बाईंनी येऊन माझा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा लाज वाटली नाही, बरंच वाटलं.

आणखी आहे. दर मॅचनंतर मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी खेळाडूंना दहापैकी मार्क देत असे, प्रत्येकीला एक ओळ. लोक वाट पाहायचे. त्या संध्याकाळी मी ऋताला तीन दिले, आणि लिहिलं: «चेंडू हातात घेऊन विचार करत बसली. फुटीत विचार घरूनच करून यायचा असतो.» काय हसले सगळे. ते वाक्य पुढे वर्षभर चाललं. कुणाच्या घरी चहाला उशीर झाला तरी म्हणायचे, विचार घरून करून यायचा!

आता जे मी पाहिलं ते.

मी डॅलसच्या त्या उंच मुलीपासून दोन हातांवर होते. तिची बोटं आणि चेंडू यांच्यामध्ये वीतभर जागा होती. त्या जागेतून मला पलीकडचं झाड दिसलं. ऋता हळू नव्हती — इतक्या चपळाईनं वळून मारलेली किक मी मेलबर्नच्या मैदानांवरही क्वचित पाहिली असेल. तो गोल होता. आम्ही जिंकलो होतो, ऋतानं जिंकून दिलं होतं. आणि हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं, नंतर उमगलं वगैरे काही नाही.

मग का? तुम्ही सासू-सून हा चष्मा लावणार, मला माहीत आहे. तो काढून ठेवा. तिचा मी कधी राग केला नाही. उलट परकी असती तर दोन्ही झेंडे हलवले असते — विचारही न करता. ती माझी होती, म्हणून एक हलवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला तिची किक दिसेनाशी झाली, माझं नावच तेवढं दिसलं. आणि ते तीन मार्क? ते तर घरी, पंख्याखाली बसून, शांतपणे दिले. तिला हळू ठरवलं नसतं तर बोट लागलं कसं, असं कुणी तरी विचारलं असतं. म्हणून ती हळू ठरली. हा घाईतला चुकीचा निर्णय नव्हता. खोटं होतं.

परतताना गाडीत ती माझ्याशेजारी मागे बसली होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. म्हणाली, «आई, मला वाटलं सरळ गेला. खरंच टच झाला होता?»

मी म्हटलं, «हो.»

ती म्हणाली, «मग ठीक आहे.» आणि खरोखरच तिच्यापुरतं ते ठीक झालं, हेच मला सोसत नाही. तिनं वाद घातला असता, चिडली असती, तर मी कदाचित — नाही, तेही खरं नाही. तेव्हाही सांगितलं नसतं.

पुढच्या सीझनला तिनं कोचला सांगून मागे, बचावात जागा घेतली. चेंडू हातात आला की घाईनं दुसरीला देऊन टाकायची. मग दिवाळीच्या आसपास बूट गराजमधल्या खोक्यात गेले. पुन्हा «निखिलची वाइफ», व्हिसाची अडचण सुटेपर्यंत आणखी दोन वर्षं. त्या दोन वर्षांत ती किती गप्प झाली होती ते मी रोज, एकाच स्वयंपाकघरात, पाहिलं. पोळ्या लाटता लाटता पाहिलं. सबनीसांना मी अजून माफ केलेलं नाही — किती सोयीचं, नाही का? त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर ते बोलले. सांगणारी मी होते.

आता ऋता एका फर्ममध्ये नोकरी करते. गेल्या वसंतापासून रविवारी सकाळी क्लबच्या लहान मुलींना शिकवायला जाते. स्वतः खेळत नाही. मागच्या महिन्यात मीही बरोबर गेले होते, तेव्हा तिथे एक मुलगी अंपायरवर चिडून रडायला लागली. ऋतानं सगळ्यांना वर्तुळात बसवलं आणि मला बोलावलं. त्यांना सांगितलं की या माझ्या सासूबाई, यांनी फायनल सेकंदाला माझ्याच विरुद्ध निर्णय दिला, सगळी टीम बघत असताना. याला ऑनेस्टी म्हणतात.

रडणाऱ्या मुलीनं विचारलं, «बट वॉज शी राइट?»

ऋता म्हणाली, «ऑफ कोर्स शी वॉज राइट.»

पंधरा मुली माझ्याकडे पाहत होत्या, आणि ऋताही. मी हसले, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबेपर्यंत मी तिथे उभी राहिले.