सोड्यांची बरणी: गिरगाव ते प्रभादेवी

आई मंगळवारी गेली. त्याआधी तिने पावसाळ्यासाठी सोड्यांची (सोलून वाळवलेल्या कोळंबीची) बरणी भरून ठेवली होती.

तेराव्यापर्यंत घरात मासळीचं नाव निघालं नाही. किड्यांना मात्र सुतक नसतं. नंतर बरणी उघडली, तेव्हा तपकिरी किडे सोड्यांवर फिरत होते आणि तळाशी भुगा साचला होता. आमच्या चाळीला गच्ची नाही. दरवर्षी आई सोडे प्रभादेवीला मावशीच्या गच्चीवर पुन्हा एकदा वाळवायची आणि मगच भरायची. यंदा तिला जिना उतरवला नाही. तिच्या हातचे हे शेवटचे सोडे टाकून देणं मला जमेना. म्हणून मीच निघालो.

बरणी चिनी मातीची. झाकण सैल, म्हणून तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि ती छातीशी धरून बसमध्ये चढलो. माझं मुंडण झालेलं होतं. पुढे काय होणार हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कंडक्टरने आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे.

"उठ रे, यांना बसू दे," तो एका तरुणाला म्हणाला. मग हळूच मला, "कोण?"

"आई," मी म्हणालो. तसं ते खोटं नव्हतं.

शेजारच्या काकांनी बरणीला नमस्कार केला. खिडकीतून ऊन थेट बरणीवर येत होतं. भायखळा येईपर्यंत काकांनी नाकाला रुमाल लावला.

"कधी गेल्या?"

"पंधरवडा झाला."

"तरीच," म्हणत काका मागच्या सीटवर गेले.

लालबागला मिरच्यांच्या ठसक्यातून शिंकत सुक्या मासळीच्या बाजारात पोचलो. पहिलीच मासळीवाली ओरडली, "ओ दादा, ते घेऊन बाजारात काय फिरता? आधी समुद्रावर जा!"

"सोडे आहेत हो."

तिने फडकं सोडून आत पाहिलं आणि हसत सुटली. "समुद्रातूनच आलेत की बिचारे! फेका. यंदाचा ताजा माल देते."

"आईने भरलेत."

तिचं हसू थांबलं. "मग फेकू नका. कडक उन्हात पसरा, किडे पळतात. चाळून घ्या. पार गार झाले की घट्ट झाकणाच्या बरणीत, सुक्या मिरच्या घालून."

शेजारची म्हणाली, "मिरच्यांनी काय होतंय? फ्रीजात ठेवा."

"तू गप गं! तुझ्या मालात तर किड्यांची लग्नं लागतात!"

त्यांचं भांडण रंगलं आणि मी मिरच्या घेऊन सटकलो. टॅक्सीवाल्याने प्रभादेवीपर्यंत डोकं खिडकीबाहेर ठेवूनच गाडी चालवली.

मावशीने गच्चीवर चादर अंथरली. ऊन लागताच किडे खरोखरच पळाले, ते थेट तिच्या पापडांखाली. मावशी त्यांना चपलेने बडवत होती, तेवढ्यात कावळे आले.

दहाव्याला बाणगंगेवर आम्ही दुपारपर्यंत ताटकळलो होतो. आईला नाही नाही ती वचनं दिली, पण पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. इथे गच्चीवर मात्र पहिल्याच कावळ्याने सरळ सोडा उचलला. मी काठी उगारली, तसा मावशीने हात धरला.

"राहू दे रे विनू. नुसत्या भातावर ताई कधी जेवली होती?"

मी काठी खाली केली. मग दुसरा कावळा उतरला.

"आता हाकल! ताई दोनदा नाही जेवायची!"

संध्याकाळी सोडे चाळले, गार केले आणि मिरच्या घालून मावशीच्या काचेच्या बरणीत भरले. परतीच्या बसमध्ये कुणी जागा दिली नाही. आतलं सगळ्यांना दिसत होतं. गिरगावपर्यंत उभा आलो. आई हा प्रवास दरवर्षी करायची आणि घरी आल्यावर एवढंच सांगायची, "ऊन चांगलं होतं."

चिनी मातीची बरणी धुऊन पालथी ठेवली आहे. काचेची अर्धी भरली आहे. रोज सकाळी ती उजेडात धरून बघतो. अजून किडा लागलेला नाही.